जुलाब-उलट्यांचं रॅपिड किट विकत घेण्याआधी

शौचातला विषाणू काही मिनिटांत पट्टीवरच्या (स्ट्रिपवरच्या) रेघेने दाखवणाऱ्या रॅपिड किटच्या डब्यावर ‘सेन्सिटिव्हिटी ९८ टक्के’, म्हणजे शंभर खऱ्या रुग्णांपैकी ९८ पकडले जातात, असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो, पण तो तुमचा नसतो. कुठल्या तरी मोठ्या रुग्णालयातल्या, विशिष्ट वयाच्या मुलांवर, कंपनीने शिकवलेल्या हातांनी, एसीच्या खोलीत तो मिळालेला असतो. सुरगाण्याहून सकाळी निघून दुपारी नाशकात पोचलेल्या शौचाच्या डबीवर तेच किट काय करेल, हे त्यावरून कळत नाही. ते आपल्यालाच तपासून घ्यावं लागतं.

हा लेख नवख्यांसाठी आहे: डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) होऊन नुकतेच लॅबमध्ये लागलेले, सिडको-सातपूरकडे स्वतःची छोटी लॅब टाकलेले, किंवा मेडिकल कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीच्या थिसिससाठी हाच विषय घेतलेले. गणित शाळेतल्या टक्केवारीच्या फार पुढे जात नाही.

आधी विषाणूंची तोंडओळख

पोटाच्या विषाणूंसाठी बाजारात मिळणारी किट मुख्यतः चार विषाणू शोधतात: रोटा, नोरो, ॲडिनो आणि ॲस्ट्रो. एकाच कॅसेटवर (पट्टीच्या प्लास्टिकच्या चौकटीवर) दोन किंवा चार रेघांची जोडकिटही मिळतात. लक्षात ठेवा, चार रेघा म्हणजे चार वेगळ्या चाचण्या. रोटाची रेघ उत्तम चालते म्हणून शेजारची नोरोची रेघही चालेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक रेघेचा हिशेब वेगळा ठेवायचा.

रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. स्ट्रिपच्या दृष्टीने हा सोपा विषाणू. आजारी बाळाच्या एक ग्रॅम शौचात त्याचे एक हजार कोटींहून जास्त कण असू शकतात. शिवाय किट ज्या व्हीपी६ प्रथिनाला पकडतं, ते ‘ए’ गटाच्या सगळ्या रोटांमध्ये जवळपास सारखं असतं. म्हणून रोटाच्या बऱ्या किटची सेन्सिटिव्हिटी नव्वदीच्या आसपास असणं नवलाचं नाही.

नोरोचं तसं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ मध्ये साथ आली आणि १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांच्या गटाने त्या नमुन्यात विषाणू दाखवला. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. माणसांत मुख्यतः जीनोग्रुप एक आणि दोन सापडतात, त्यातही दोनमधला चौथा प्रकार वर्षानुवर्षं वरचढ राहिला आहे आणि तोही अधूनमधून आपलं बाह्यरूप बदलतो. स्ट्रिपवरच्या अँटिबॉडी (विषाणूला पकडणारी प्रथिनं) मात्र जुन्याच रूपासाठी बनवलेल्या असतात. त्यामुळे नोरोच्या स्ट्रिपकडून बरेच खरे रुग्ण निसटतात. चांगल्या-वाईटाचा प्रश्न इथे किटपेक्षा वापराचा आहे, त्याबद्दल पुढे.

ॲडिनोच्या बाबतीत एकच गोष्ट बघायची. किट फक्त ४० आणि ४१ क्रमांकाचे, म्हणजे आतड्याचे ॲडिनो पकडतं की सगळेच? सर्दी-खोकल्याचे ॲडिनोही शौचात बराच काळ पडत राहतात, आणि सरसकट पकडणारं किट त्यांनाही जुलाबाचं कारण ठरवून मोकळं होतं.

पहिली पायरी: निकाल आल्यावर काय बदलणार?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा आणि उत्तर कागदावर लिहून ठेवायचं. विषाणू कुठलाही निघो, बाळाचे उपचार तेच राहतात: ओआरएस, दूध-खाणं चालू, आणि झिंक १४ दिवस (सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०). मग चाचणी करायची कशाला?

उपयोगाची कारणं माझ्या मते तीनच. पहिलं, डॉक्टरांच्या हातून विनाकारण लिहिली जाणारी अँटिबायोटिकं थांबवायला. दुसरं, वॉर्डात त्या बाळाला इतरांपासून वेगळं ठेवायचं की नाही हे ठरवायला. तिसरं, आश्रमशाळेत, वसतिगृहात किंवा लग्नाच्या जेवणानंतर साथ आली तर कारण पटकन कळायला. यांतलं कारण कोणतं, त्यावर किटकडून काय मागायचं ते ठरतं. वॉर्डात वेगळं ठेवायचं असेल तर निसटलेला रुग्ण महागात पडतो, म्हणून सेन्सिटिव्हिटी हवी. अँटिबायोटिक थांबवायचं असेल तर खोटा पॉझिटिव्ह धोक्याचा, कारण खरा जिवाणूचा आजार झाकला जाईल. तिथे स्पेसिफिसिटी हवी, म्हणजे विषाणू नसलेल्याला किटने निगेटिव्हच म्हणायला हवं. यापैकी काहीच बदलणार नसेल तर किट घेऊ नका. पालकांचे पैसे वाचतील.

दुसरी पायरी: डब्यातला कागद

प्रतिनिधीने दिलेलं रंगीत पत्रक बाजूला ठेवा आणि डब्याच्या आतलं बारीक अक्षरातलं माहितीपत्रक वाचा. पॅकवर मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ खालचा परवाना क्रमांक आहे का ते बघा. आयात केलेलं किट असेल तर आयात परवान्याचा. मग कामगिरीचा तक्ता शोधा. किट कशाशी ताडून बघितलं, पीसीआरशी (विषाणूचं जनुकीय द्रव्य वाढवून शोधणाऱ्या लॅबमधल्या चाचणीशी) की दुसऱ्या एखाद्या किटशी? दुसऱ्या किटशी ताडलं असेल तर ‘९८ टक्के’ म्हणजे फक्त दोन किटांचं आपसांत जमलं एवढंच. दोघंही एकाच जागी चुकत असतील. नमुने किती होते, कोणत्या वयाचे, कोणत्या देशातले? ही माहितीच नसेल तर तोही एक निकालच समजा.

कुठल्या नमुन्यावर चालतं तेही तिथेच असतं. रेक्टल स्वॅब चालतो का, कॅरी-ब्लेअर माध्यमातला (नमुना टिकवून नेण्याच्या जेलमधला) नमुना चालतो का, गोठवलेला चालतो का. आणि साठवणुकीचं तापमान: बहुतेक किट २ ते ३० अंश सेल्सिअस सांगतात. मे महिन्यात मालेगावच्या गोदामात ३० अंश कुठून आणणार, हा प्रश्न पुढच्या एका पायरीला लागेल.

तिसरी पायरी: नमुने कुठून आणि किती

मूल्यमापनात सगळ्यात जास्त फसगत इथे होते आणि ती आकड्यांत दिसत नाही. फ्रीझरमध्ये ठेवलेले कडक पॉझिटिव्ह नमुने काढायचे, निगेटिव्ह म्हणून धडधाकट विद्यार्थ्यांचं शौच घ्यायचं आणि किट चालवायचं, असं केलं तर कुठलंही किट झळकतं. द्राक्षाच्या पेटीतला वरचा थर बघून भाव ठरवण्यासारखं ते आहे. खालचे घड कुणी बघितलेच नाहीत. किट प्रत्यक्षात वापरणार आहात ते जुलाब झालेल्या माणसांवर, ज्यांतल्या काहींना रोटा असेल, काहींना शिगेला हा जिवाणू, काहींना जिआर्डिया हा परजीवी, आणि काहींच्या शौचात विषाणू अगदी थोडा असेल. नमुनेही तसेच हवेत.

म्हणून आधी व्याख्या लिहा. उदाहरणार्थ: २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, आजार सुरू होऊन सात दिवसांच्या आत, पाच वर्षांखालचं मूल. मग ठरलेल्या तारखेपासून या व्याख्येत बसणारा प्रत्येक रुग्ण ओळीने घ्यायचा. ‘हा नक्की रोटा दिसतोय, याचा घेऊ’ असं निवडायचं नाही. प्रत्येकासोबत वय, आजाराचा कितवा दिवस, उलटी-ताप आणि अँटिबायोटिक चालू आहे का, एवढं लिहा.

बाळाच्या लसीची तारीखही विचारा. रोटाची लस २०१६ पासून आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली, ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात, आणि ती जिवंत विषाणूची आहे. डोसनंतर काही दिवस लसीचाच विषाणू शौचात पडू शकतो आणि किट इमानेइतबारे पॉझिटिव्ह येतं. दहा आठवड्यांच्या बाळाला परवा डोस दिला असेल तर तो पॉझिटिव्ह वेगळ्या रकान्यात. लसीमुळे आणखी एक बदल झाला आहे: जुलाबाच्या मुलांत रोटाचं प्रमाण पूर्वीपेक्षा घटलं, त्यामुळे लसीआधीच्या अभ्यासांतले आकडे आज जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आता किती नमुने? समजा, किटची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के असेल असा अंदाज आहे आणि तो आकडा अधिक-उणे ७ टक्क्यांत पकडायचा आहे. १.९६ (९५ टक्के खात्रीसाठी वापरतात तो ठरलेला आकडा) चा वर्ग, गुणिले ०.९, गुणिले ०.१, भागिले ०.०७ चा वर्ग: उत्तर ७०.६, म्हणजे ७१ खरे पॉझिटिव्ह लागतील. तुमच्याकडे येणाऱ्या दर पाच मुलांत एक रोटाचं असेल तर एकूण ३५५ मुलं. हे एका महिन्याचं काम नव्हे. रोटा आपल्याकडे थंडीत वाढतो. निफाडचा पारा खाली जाण्याच्या बातम्या येऊ लागतात तेव्हा तुमची सगळी तयारी झालेली हवी, तेव्हा कुठे फॉर्म छापायला टाकलेले नकोत.

कमी नमुन्यांवर काय होतं? १० पैकी ९ पकडले, तर खरी सेन्सिटिव्हिटी ६० ते ९८ टक्क्यांत कुठेही असू शकते. ५० पैकी ४५ पकडले तरी ७९ ते ९६. दोन्हीकडे ठळक अक्षरात ‘९० टक्के’च छापता येतं.

एथिक्स कमिटीची परवानगी सुरुवातीलाच घ्या. तपासणी होऊन उरलेला, नाव काढलेला नमुना असेल तर संमतीपत्रातून सूट मिळू शकते, पण ती कमिटी देते. आपली आपण घ्यायची नसते.

चौथी पायरी: ताडायचं कशाशी

आज तुलनेसाठी आरटी-पीसीआर हाच मानदंड आहे. कोविडनंतर जिल्ह्यात ही यंत्रं आली, त्यामुळे दर वेळी नमुना पुण्यालाच न्यावा लागतो असं राहिलं नाही. तरी पोटाच्या विषाणूंचं काम ज्यांच्या हाताखालून गेलं आहे अशा, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळेशी आधी बोलून घेणं फायद्याचं.

शौचाचा पीसीआर घशाच्या स्वॅबपेक्षा कटकटीचा असतो. शौचातले घटक अभिक्रिया अडवतात, म्हणून प्रत्येक नमुन्यात इंटर्नल कंट्रोल (अभिक्रिया नीट चालली हे दाखवायला मुद्दाम घातलेला घटक) हवाच. तो आला नाही तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला अर्थ नाही. आणि रोटाचा आरएनए दुपदरी असतो. तो आधी सुमारे ९५ अंशांवर उलगडून घेतला नाही तर उलट-प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणं) नीट होत नाही. कोविडचा प्रोटोकॉल जसाच्या तसा चालवणाऱ्या लॅबमध्ये हे सुटू शकतं.

पीसीआरची दुसरी बाजूही आहे. तो फार बारीक पकडतो. नोरोतून बरा झालेला माणूस काही आठवडे विषाणू सांडत राहू शकतो आणि लक्षणंच नसलेल्या मुलांतही तो सापडतो. मग आजचे जुलाब दुसऱ्याच कारणाने, पीसीआर नोरो पॉझिटिव्ह, स्ट्रिप निगेटिव्ह. ही स्ट्रिपची चूक मानायची का? माझा सल्ला असा: मुख्य हिशेब सरळ पीसीआरशी ताडूनच मांडा, आणि त्याच्या शेजारी दुसरा तक्ता द्या, सीटी मूल्यांच्या गटांनुसार. सीटी म्हणजे विषाणू दिसेपर्यंत पीसीआरची किती आवर्तनं लागली तो आकडा; सीटी कमी म्हणजे विषाणू जास्त. कमी सीटीच्या नमुन्यांतही स्ट्रिप निसटत असेल तर किट कच्चं आहे. फक्त जास्त सीटीवालेच निसटत असतील तर चित्र वेगळं. सीटीची रेषा कुठे मारायची ते निकाल बघण्याआधी ठरवायचं, नंतर नाही.

दोन मोह टाळा. स्ट्रिप पॉझिटिव्ह आलेल्यांचाच पीसीआर करायचा आणि निगेटिव्हांचा सोडून द्यायचा, याने पैसे वाचतात पण निसटलेले रुग्ण कधी दिसतच नाहीत आणि सेन्सिटिव्हिटी फुगते. दुसरा मोह, जिथे दोन्हींचं जमलं नाही तेवढेच नमुने तिसऱ्या चाचणीने पुन्हा तपासायचे. तशा फेरतपासणीत आकडा हटकून किटच्या बाजूने सरकतो, कारण जमलेल्या निकालांत दडलेल्या चुका कुणी शोधतच नाही.

पाचवी पायरी: डबी

रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, कोरडी डबी. आत काहीही घालायचं नाही. फॉर्मॅलिन तर मुळीच नाही. डायपरमधून नमुना घ्यायचा असेल तर अडचण होते, कारण आतली जेल पाणी शोषून घेते. आईला आधीच सांगा की डायपर उलटं लावा किंवा आत स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा अंथरा. पटकीची जराही शंका असेल तर कॅरी-ब्लेअरमध्ये वेगळा नमुना कल्चरसाठी घ्या. विषाणूचं किट हाती आलं म्हणून पटकीचं कल्चर मागे पडता कामा नये.

नमुना लॅबमध्ये आल्या आल्या तीन भाग करा: एक स्ट्रिपला, एक पीसीआरला, एक राखीव. स्ट्रिप ताज्या नमुन्यावरच चालवा, कारण उद्या वापरणारही ताज्यावरच. त्या दिवशी जमलं नाही तर २ ते ८ अंशांत, जास्त दिवस ठेवायचा असेल तर उणे ७० ला. काढ-घाल करून पुन्हा पुन्हा वितळवू नका. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या डब्यांबरोबर बर्फाच्या पेटीत छोटा तापमापक ठेवा आणि पोचल्यावरचा आकडा वहीत लिहा.

हात साबण-पाण्याने धुवायचे. नुसत्या सॅनिटायझरवर नोरोच्या बाबतीत भरवसा ठेवू नका. संसर्गाला त्याचे अगदी मोजके कण पुरतात. ओटा पुसायला रोज ताजं केलेलं हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर १ भाग ते आणि ९ भाग पाणी, म्हणजे ५००० पीपीएम.

सहावी पायरी: रेघ वाचणं

इथे सगळा खेळ फिकट रेघेचा. कडक रेघ कुणीही वाचतं. फिकट रेघ एका टेक्निशियनला दिसते, दुसऱ्याला नाही, आणि तिसरा म्हणतो ‘जरा थांबून बघू’. थांबायचं नसतं. माहितीपत्रकात १० मिनिटं लिहिली असतील तर १० व्या मिनिटाला वाचायचं. पट्टी वाळताना उशिरा उमटलेली रेघ मोजायची नाही. टेबलावर टायमर ठेवा, मोबाइलच्या अंदाजावर चालू नका. फिकट रेघ पॉझिटिव्ह धरायची की नाही ते कागदात असतंच. तेच पाळा आणि फॉर्मवर ‘कडक’, ‘फिकट’, ‘नाही’ असे तीन रकाने ठेवा. ठरलेल्या मिनिटाला, एकाच दिव्याखाली, फोटो काढून ठेवा.

प्रत्येक स्ट्रिप दोघांनी वाचायची, एकमेकांचं न बघता. दोघांनाही पीसीआरचा निकाल माहीत नसावा, रुग्णाची लक्षणंही नाहीत. आणि पीसीआर करणाऱ्याला स्ट्रिपचा निकाल कळू नये. छोट्या लॅबमध्ये तोच माणूस सगळं करतो, हे खरं. मग निदान डब्यांवर नावांऐवजी क्रमांक टाका आणि क्रमांकांची यादी दुसऱ्याच्या कपाटात ठेवा.

दोघांचं किती जमलं ते, योगायोगाने जमलेलं वगळून, कप्पा या आकड्याने मोजतात. समजा १०० स्ट्रिप. दोघांनाही पॉझिटिव्ह ३६, दोघांनाही निगेटिव्ह ५४, पहिल्यालाच पॉझिटिव्ह ६, दुसऱ्यालाच ४. जमलेलं ९० टक्के, ऐकायला छान. पण पहिला एकूण ४२ आणि दुसरा ४० पॉझिटिव्ह देतो, तेव्हा नुसत्या योगायोगानेही ५१.६ टक्के जमलं असतं. म्हणून ९० मधून ५१.६ वजा, भागिले १०० वजा ५१.६: कप्पा ०.७९. बरा आहे, उत्तम नाही. वाचणाऱ्यांपैकी एक जण तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातला असू द्या, कंपनीच्या प्रशिक्षणाला न गेलेला. किट शेवटी त्याच्याच हातात पडणार आहे.

कंट्रोल लाइन (प्रत्येक स्ट्रिपवर उमटायलाच हवी ती तपासणीची रेघ) उमटली म्हणजे द्रव वर चढला आणि रसायनं जिवंत आहेत एवढंच. नमुना पुरेसा घेतला का हे ती सांगत नाही. नुसता बफर टाकला तरी ती उमटते. बुळबुळीत, शेंबडासारख्या नमुन्यात द्रव अडकतो आणि कंट्रोल लाइनच येत नाही. असे ‘अवैध’ निकाल गुपचूप गाळू नका. शंभरातले किती अवैध गेले हाही किटचा गुण आहे.

सातवी पायरी: किटला जरा छळा

हे कंपनीच्या कागदात क्वचितच असतं, म्हणून थोडं सविस्तर.

एक, ऊन. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, मालेगावात त्याच्याही वर जातो आणि किटचा डबा टेम्पोत दुपारभर उभा असतो. काही स्ट्रिप ४० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये दोन आठवडे ठेवा. मग ठरलेले पाच कडक, पाच मध्यम आणि पाच निगेटिव्ह नमुने त्या स्ट्रिपवर आणि नीट ठेवलेल्या स्ट्रिपवर शेजारी शेजारी चालवा. मध्यम नमुन्यांच्या रेघा पुसट झाल्या तर पीएचसीला किट पाठवताना थंड पेटी लागेल, आणि तो खर्च किमतीत धरा.

दोन, दमट हवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पाकीट फोडून ठेवलेली कॅसेट ओल धरते. पाकीट फोडल्यावर किती वेळात वापरायची ते बघा. काही कॅसेट मुद्दाम फोडून अर्धा तास, एक तास उघड्या ठेवून चालवून पाहा.

तीन, पातळ करून बघणं. एक कडक पॉझिटिव्ह नमुना घ्या, विषाणू नसलेल्या शौचाच्या द्रावणात दर वेळी दहा पटीने पातळ करत जा, आणि कुठल्या पायरीला रेघ नाहीशी होते ते लिहा. दोन किटांतून एक निवडायचं असेल तर एकाच दिवशी, एकाच नमुन्यावर ही शर्यत लावा. एका दुपारच्या या कामातून जे कळतं ते पत्रकांच्या गठ्ठ्यातून कळत नाही.

याच शर्यतीत उलटाही प्रकार दिसू शकतो: पातळ न केलेल्या नमुन्यात रेघ फिकट आणि दहापट पातळ केल्यावर कडक. विषाणूच इतका जास्त असतो की अँटिबॉडीच्या सगळ्या जागा भरून जातात आणि दुहेरी पकड जमत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात. थंडीतल्या रोटाच्या बाळांत हे घडू शकतं, म्हणून ‘जास्त नमुना घातला की रेघ चांगली येते’ ही समजूत काढून टाका. सोबत दिलेल्या काडीने जेवढा सांगितला तेवढाच घ्यायचा.

आठवी पायरी: चार खणांचं गणित

तक्ता साधा: पीसीआर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, स्ट्रिप पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. पीसीआर पॉझिटिव्हांपैकी स्ट्रिपने किती पकडले, ती सेन्सिटिव्हिटी. पीसीआर निगेटिव्हांपैकी किती स्ट्रिपवरही निगेटिव्ह आले, ती स्पेसिफिसिटी. दोन्हींसोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (वरच्या ‘६० ते ९८’सारखा पल्ला) लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पण समोर रिपोर्ट घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरांचा प्रश्न वेगळा असतो: ‘पॉझिटिव्ह आलंय, खरं धरू का?’ याचं उत्तर किटबरोबरच ऋतूवर आणि वयावरही अवलंबून असतं. समजा सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटी ९५ टक्के. जानेवारीत वॉर्डातल्या १००० मुलांत ३०० खरी रोटाची असतील असं धरा. किट २७० पकडेल, आणि उरलेल्या ७०० पैकी ३५ ना खोटं पॉझिटिव्ह ठरवेल. एकूण ३०५ पॉझिटिव्हांत २७० खरे, म्हणजे ८९ टक्के. आता तेच किट मे महिन्यात मोठ्या माणसांवर चालवा, जिथे १००० मध्ये २० च रोटाचे आहेत असं धरू. खरे पॉझिटिव्ह १८, खोटे ४९. पॉझिटिव्ह रिपोर्टांतले जेमतेम २७ टक्के खरे. किट तेच आणि हातही तेच, तरी दर चार पॉझिटिव्हांत जवळपास तीन खोटे. म्हणून माझं मत ठाम आहे: मोठ्या माणसांच्या तुरळक जुलाबाला रोटाची स्ट्रिप लावूच नये.

साथ असेल तर हिशेब उलटतो

नोरोची स्ट्रिप एकट्या रुग्णाला जवळपास निरुपयोगी आणि साथीत कामाची. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये नोरोच्या एका एलायझा किटला (अँटिबॉडी वापरूनच विषाणू शोधणाऱ्या लॅबमधल्या चाचणीला) परवानगी दिली तीही साथीतल्या अनेक नमुन्यांच्या प्राथमिक तपासासाठीच. कारण समजायला सोपं आहे.

धरा की सेन्सिटिव्हिटी ६० टक्केच आहे. एका रुग्णाचा एक नमुना असेल तर १०० पैकी ४० वेळा निसटेल. पण वसतिगृहातल्या सहा आजारी मुलांचे सहा नमुने असतील आणि सगळ्यांना नोरोच असेल, तर निदान एक पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ९९.६ टक्के. आता उलट बाजू: स्पेसिफिसिटी ९७ टक्के असेल आणि साथ नोरोची नसेलच, तरी सहांत निदान एक खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता १७ टक्के आहे. म्हणून ‘सहांत निदान दोन पॉझिटिव्ह’ असा नियम ठेवा. मग खरी साथ ९६ टक्के वेळा पकडली जाते आणि खोटी हाक जेमतेम १ टक्का उरते. तुमच्या मूल्यमापनातून आलेले स्वतःचे आकडे घालून हा नियम पुन्हा काढा; कधी सहाऐवजी आठ नमुने लागतील.

स्ट्रिपच्या आधी कॅप्लनचे निकष (साथ नोरोची वाटते का ते लक्षणांवरून ठरवण्याचे) लावून पाहा, ते फुकट आहेत: निम्म्याहून जास्त रुग्णांना उलट्या, सरासरी २४ ते ४८ तासांत लक्षणं सुरू, सरासरी १२ ते ६० तासांत बरं, आणि कल्चरमध्ये जिवाणू नाही. चारही बसले तर नोरोची शंका पक्की होत जाते. नमुने पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्या. आणि साथीची खबर स्ट्रिप वाळायची वाट न बघता आरोग्य विभागाला द्या.

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून आता किटांची खरेदी निघेल. रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरपर्यंतच्या तंबूंत, एका पंगतीत हजारो माणसं जेवणार असतील तेव्हा मूल्यमापनाला कुणाला सवड नसेल. ज्यांना ते करायचं आहे त्यांनी त्याआधीच्या हिवाळ्यांत करून ठेवावं.

छोट्या लॅबला एवढं जमणार नाही, मग?

खरंच जमणार नाही, आणि गरजही नाही. कुठल्या तरी मोठ्या लॅबने आपल्याकडच्या रुग्णांवर पूर्ण मूल्यमापन केलेलं किट निवडा आणि स्वतःकडे फक्त पडताळणी करा: पीसीआर झालेले साधारण २० पॉझिटिव्ह (त्यांत निदान एक तृतीयांश कमी विषाणूचे) आणि २० निगेटिव्ह, दोन वाचक, एक आठवडा. त्यावर ‘आमच्या लॅबची सेन्सिटिव्हिटी’ असा आकडा छापू नका. तेवढ्या नमुन्यांत त्याचा पसारा केवढा असतो ते वर पाहिलंच. ही पडताळणी इतकंच सांगते की किट तुमच्या हातात मोडत नाही. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तपासणीत ही वही उपयोगी पडते.

पुढे प्रत्येक नवा लॉट आला की वापरण्याआधी एक फिकट पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह चालवायचा. कडक पॉझिटिव्ह चालवून लॉट तपासण्यात अर्थ नाही, तो बिघडलेल्या लॉटवरही उमटेल. महिन्याकाठी पॉझिटिव्हांचं प्रमाण बघा. जानेवारीत ते अचानक शून्यावर आलं तर आधी लॉट नंबर तपासा, मग साथ ओसरल्याचा आनंद.

उरला रिपोर्टचा मजकूर. नोरो निगेटिव्ह असेल तर असं काहीसं छापा: ‘नोरोव्हायरस अँटिजेन आढळलं नाही. या चाचणीतून काही रुग्ण निसटतात. निगेटिव्ह निकालाने संसर्ग नाही असं ठरत नाही. साथीची शंका असल्यास आणखी रुग्णांचे नमुने पाठवावेत.’ रोटा पॉझिटिव्हखाली गेल्या काही दिवसांत लस दिली आहे का ते पाहावं, एवढी ओळ. हा मजकूर सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटमध्येच बसवून घ्या. रोज हाताने टाइप करायचा ठेवला तर महिन्याभरात तो रिपोर्टवरून गायब झालेला असतो.